अकरा मिनिटांचा आवाज

"उद्या दहा वाजता नवं स्कॅन मशीन सुरू होतंय आणि तुम्ही मला जागा नाही म्हणताय?" साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

"सत्त्याण्णव टक्के भरलंय, सर. मशीन सुरू झालं की दुपारपर्यंत सगळं ठप्प होईल. एक फोटो साठणार नाही."

रुग्णालयाचा डेटा कुठे किती साठतोय, कुठली डिस्क भरत आलीय, कुठली कुरकुरायला लागलीय, हे बघायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. सगळे तिला जागावाल्या बाई म्हणत. कॅन्टीनमध्ये कोणी बाकावर सरकून बसलं, की "बाईंना जागा द्या, त्यांच्याकडे कधीच नसते," असा विनोद व्हायचा, आणि तीही हसायची. नव्या डिस्कसाठी तिने आठ महिन्यांत सहा पत्रं पाठवली होती. एकाचंही उत्तर नाही. उलट, प्रत्येक फाईलची दुसरी प्रत ज्या डिस्कांवर राहायची त्याही साहेबांनी मुख्य साठ्याला जोडायला लावल्या. तेव्हा ती नको म्हणाली होती. तिचं कोण ऐकतं?

"तीन वर्षांत कोणी उघडलं नाही असं काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"वाचा-उपचार विभागाचं मोठं फोल्डर आहे. पण तिथल्या बाई निवृत्त झाल्या, विभागाला कुलूप लागलं. आता विचारायचं कोणाला?"

"मग झालं तर. ज्याला वाली नाही, ते पुसायचं."

"सर, त्यात पेशंटचे आवाज आहेत. घशाच्या ऑपरेशनात आवाज जातो, त्याआधी भरून घेतलेले..."

"आवाजांचं काय लोणचं घालायचंय? पुसा."

"तेवढं लेखी द्याल?"

साहेब हसले. "इतक्या वर्षांत एवढंच ओळखलंत मला?" खुर्चीच्या पाठीवरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.

तिने निवृत्त बाईंना दोनदा फोन लावून पाहिला. उचलला गेला नाही. मग तिने पुसलं. चाळीस मिनिटं लागली. आकडा उतरत उतरत ऐंशीवर आला तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं आणि साहेबांच्या गळ्यात हार पडला.

तीन आठवड्यांनी भर दुपारी एक म्हातारं जोडपं साहेबांच्या खोलीत आलं. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. काकांच्या गळ्याला रुमाल गुंडाळलेला होता, हातात लिहायची छोटी पाटी. बोलत होत्या त्या मावशीच.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी यांचा आवाज भरून घेतला होता. त्या बाई म्हणाल्या, इथे जपून राहील, केव्हाही या. आम्हालाच इतकी वर्षं ऐकायचा धीर होईना. आता नात विचारते, आजोबा कसे बोलायचे? फोटो आहेत ढीगभर. आवाज घरात कुठेच नाही."

"फार वाईट झालं," साहेब चेहरा पाडून काकांना म्हणाले. "या बाईंनी परस्पर पुसून टाकलं. मी चौकशी लावतो."

तिने साहेबांकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही.

"मी पुसलं," ती म्हणाली. "सरांनी सांगितलं म्हणून पुसलं. पण पुसलं मीच."

"लेखी आहे तसं काही?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

मावशी कधी साहेबांकडे, कधी तिच्याकडे बघत राहिल्या. काकांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी तिच्यासमोर धरली. परत मिळेल?

"नाही, काका."

त्यांनी तळहाताने अक्षरं पुसली, पुन्हा लिहिलं. तुम्ही ऐकलं होतं?

हो म्हणणं सोपं होतं. छान आवाज होता, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नाही, काका. मी कधीच काही ऐकत नाही. किती जागा लागते, तेवढंच बघते."

काका थांबून राहिले, जणू ती अजून काही बोलेल. ती तडक आपल्या टेबलाशी गेली. पुसलेल्या फाईलींची यादी संगणकात राहते. तिने त्यांचा केस नंबर शोधला, तेवढी एक ओळ छापून आणली.

"आता हे आणि कशाला?" साहेब करवादले. तिला निलंबित करण्याचं पत्र त्यांच्या टेबलावर सहीला तयार होतं. तिला ते उलटं दिसतही होतं.

तिने कागद काकांना दिला. "हा तुमचा नंबर, ही तारीख. आणि हा आकडा जागेचा. एवढी जागा म्हणजे... साधारण अकरा मिनिटं बोलला होतात तुम्ही."

"यात आहे का हो आवाज?" मावशींनी आशेने विचारलं.

"नाही, मावशी. होता, एवढंच लिहिलंय."

काकांनी चष्मा लावला. कागद डोळ्यांजवळ नेऊन ते एकेक आकडा वाचू लागले. ओठ हलत होते. मावशींनी सवयीने कान पुढे केला.