अल्टरनेटरमधले बाबा

नवा अल्टरनेटर बसला, गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि बाबा गेले.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. कारण त्या सकाळी गाडी बंद होती, अल्टरनेटर जुनाच होता आणि बाबा मागच्या हिवाळ्यात वारले असले तरी अजून गेले नव्हते.

ते अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनाला लागून वीज करणारा जो डबा असतो त्यात होते. शोध आईचा. आमचा धुलाईचा धंदा; हॉस्पिटलच्या चादरी न्यायच्या-आणायच्या, त्यासाठी ही व्हॅन. इंजिनात कुठे कुरकुर झाली की बाबा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या भागावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. आत फिरणारं बेअरिंग मग थेट डोक्यात बोलतं. ते वारल्यावर आईने एकदा तसं करून पाहिलं. अल्टरनेटरचं मागचं बेअरिंग झिजलं होतं, घशात कफ अडकल्यासारखं गुरगुरायचं.

"हे बोलतायत," आई म्हणाली.

"काय म्हणतायत?"

"पट्टा सैल झालाय म्हणतायत."

मी हसले. पट्टा दाबून पाहिला. सैल होता. मग काही मी हसले नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बॉनेट उघडून, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून आई उभी. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय बिघडलं हो?" तर म्हणाली, "काही नाही, गप्पा चालल्यात."

आणि मग बॅटरीचा लाल दिवा लागला. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना आकडा चौदाच्या आसपास हवा; इथे बारालाच धाप लागत होती. म्हणजे अल्टरनेटर वीज करतच नव्हता, नुसता बोलत होता. शेवटी शेवटी बाबांचंही तसंच झालं होतं.

"दुरुस्त कर ना याला," आई म्हणाली.

"आतली तार जळलीय, आई. वास घेऊन बघ."

तिने वाकून वास घेतला. "यांच्या शर्टाला यायचा तोच आहे."

पण गाडी नाही तर चादरी नाहीत, आणि आणखी एक दिवस खाडा झाला तर हॉस्पिटल दुसरा धुलाईवाला बघणार होतं. मी स्पेअरपार्टवाल्याकडे गेले. दुकानाचा नियम असा की नवा घ्यायचा तर जुना द्यायचा. जुने कारखान्यात जातात, तिथे आतलं सगळं उपसून नवं भरतात.

"संध्याकाळी येऊन जुना नेतो. बसवणार कोण?"

"मी."

"मग टोइंगवाल्याला आत्ताच सांगून ठेवू का?"

घरी येऊन मी बॅटरीची काळी तार सोडायला घेतली. पहिलं काम तेच असतं, म्हणजे सगळी वीज तुटते.

"नको," आई म्हणाली. "अंधारात घाबरतील."

बाबा अंधाराला घाबरायचे, हे खरं. म्हणून मी तार तशीच ठेवली. अल्टरनेटरमागच्या जाड तारेच्या नटाला पाना लावला, त्याचं दुसरं टोक इंजिनला टेकलं. निळा जाळ झाला, पाना उडाला आणि मी चादरींच्या गठ्ठ्यावर जाऊन बसले. पान्याला कुणी चावल्यासारखा खड्डा पडला होता.

"चिडले," आई समाधानाने म्हणाली. "बाहेर काढतेस म्हणून."

मग मी काळी तार काढली, आणि आई शेवटपर्यंत आत टॉर्च धरून उभी राहिली. माझ्यासाठी नाही. मला दिसेल असा तिने तो एकदाही धरला नाही.

पट्टा निघाला, वरचा बोल्ट निघाला, खालचा गंजलेला बराच वेळ रुसून बसला. अल्टरनेटर हातात आला तेव्हा कोमट होता. गाडी आदल्या दिवसापासून बंद होती.

नवा बसवला, पट्टा चढवला, तार जोडली, गाडी सुरू केली. आकडा चौदावर जाऊन शहाण्यासारखा उभा राहिला. आईने स्क्रूड्रायव्हर टेकवला.

"कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही गं," ती म्हणाली. "रिकामं घर आहे."

मी चादरी पोचवून आले तेव्हा स्पेअरपार्टवाला दारात उभा होता. आई पायरीवर बसली होती, जुना अल्टरनेटर मांडीत. एका हाताने त्याची पुली फिरवत होती, दुसऱ्या हातातला स्क्रूड्रायव्हर कानाला.

"द्या काकू, उशीर होतोय."

"थांब रे, त्यांचं वाक्य संपू दे."

तो हसला. आईने स्क्रूड्रायव्हर त्याच्या कानाला लावला आणि पुली फिरवली. तो हसतच ऐकत होता, मग नुसताच ऐकत राहिला. जरा वेळाने मला हळूच म्हणाला, "चादरी मोजून घे, असं कोण म्हणतंय?"

"रोज म्हणायचे," मी म्हटलं.

त्याने कान पुसला. "काकू, माझ्या हातात असतं तर... पण जुना नेला नाही तर मालक नवा परत मागेल."

आईने नव्या अल्टरनेटरकडे नाही, गाडीतल्या चादरींच्या रिकाम्या झालेल्या जागेकडे पाहिलं. मग अल्टरनेटर पदराने पुसून त्याच्या हातात दिला.

"तिथे आतलं सगळं काढतात?"

"सगळं."

"मग चिठ्ठी बांध गं याला. कार्यालयात लिहितात तशी लिही."

मी लिहिली:

"प्रति, जुने अल्टरनेटर दुरुस्ती विभाग. महोदय, सदर अल्टरनेटरमधील तार, ब्रश, डायोड आदी भाग खुशाल बदलावेत. मात्र मागील बेअरिंगमध्ये आमचे वडील वास्तव्यास असल्याने ते आहे तसेच ठेवावे. तसेच हा अल्टरनेटर ज्या वाहनास बसेल, त्याच्या मालकास रोज सायंकाळी आमच्या दारी येऊन, इंजिन चालू ठेवून, आईचे बोलणे संपेपर्यंत थांबण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."