रिकाम्या पाइपातलं पाणी

जेसीबीचा पंजा वर आला आणि त्यातली माती भुरभुरत खाली पडली. पहिल्या खड्ड्यातल्यासारखीच, कोरडी ठणठणीत. मुन्नानं मशीन बंद केलं, खाली उडी मारली आणि खड्ड्यात वाकून बघितलं. पाच फुटांवर जुना सिमेंटचा पाइप उघडा पडला होता. त्याच्यावर धूळ होती. ओल म्हणून नावाला नव्हती.

“तात्या, ह्यो बी कोरडाच,” तो हळूच म्हणाला.

ओट्यावर बसलेल्या सरुबाईनं मात्र आवाज चढवला. दोन्ही खड्डे तिच्या दारातच झाले होते आणि घरात जायला आता फळी टाकावी लागत होती. “बिरदेवतात्या, आता माझी चूल तेवढी ऱ्हायली. तिच्याखाली उकरून बगता का?”

जमलेली माणसं हसली. बिरदेव सळई हातात धरून कडेला उभा होता. त्याला अजूनही ऐकू येत होतं. बारीक, एकसारखं, दाबातलं पाणी फटीतून निघताना करतं तसं सूं.

सात गावांच्या पाणी योजनेवर तो चोवीस वर्षं व्हॉल्व्हमन होता. त्याआधीची दहा वर्षं पंपहाउसवर, मोटारींच्या शेजारी गेली. व्हॉल्व्ह उघडणं, बंद करणं हे काम कुणीही करतं. बिरदेवचं नाव होतं ते गळती धरण्यासाठी. चार फुटांची पितळी सळई पाइपाला टेकवायची, वरचा लाकडी गोळा कानाच्या मागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं चार पावलं पुढं जाऊन चुन्याची फुली मारायची. तिथं खणलं की पाणी. फुली हातभर इकडं-तिकडं झाली असेल, पण खड्डा कोरडा निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. इंदापूरच्या बाजूच्या एका योजनेवरूनही त्याला दोनदा गाडी पाठवून बोलावून नेलं होतं. त्या आठवणीवर तो आजही जरा ताठ चालायचा.

आता एका दिवसात दोन कोरडे खड्डे झाले. वरच्या टाकीतून सुटलेलं पाणी टोकाच्या वस्तीला पोचत नव्हतं, याला अकरा दिवस झाले होते. मोरगावच्या बाजूचा तो जिरायती माळ, वर एप्रिलचं ऊन. वस्तीवरचा मानसिंग रोज मोटारसायकलवरून यायचा आणि काही न बोलता बाजूला उभा राहायचा. आज तो बोलला.

“तात्या, टँकर आला तर मानसांपुरता येतो. माज्या दारात चार म्हशी हायत. त्यास्नी काय सांगू, फुली चुकली म्हणून?”

सळई खांद्यावर टाकून बिरदेव घरी निघाला.

घरी कुणी नव्हतं. पोरगा चाकणला कंपनीत. नातू झाला तेव्हा बायको, जयवंता, पोराकडं गेली, सहा महिन्यांत येते म्हणून. त्याला दोन वर्षं झाली. सून कामाला जाते, लेकरू कुणाकडं ठेवायचं, हे बिरदेवलाही कळत होतं. रविवारी फोन व्हायचा. “जेवला का?” “जेवलो.” “गोळी घेतली का?” “घेतली.” पलीकडं नातू रडायला लागला की फोन बंद व्हायचा.

तो आवाज थंडीत सुरू झाला होता. आधी त्याला वाटलं मोरीतला नळ गळतोय. त्यानं वायसर बदलला. चार दिवसांनी पुन्हा बदलला. मग वाटलं, घरामागून जाणारी मेन लाइनच कुठंतरी फुटलीय. एका सकाळी त्यानं चेंबरचं झाकण उचलून आत हात घालून बघितला. हात कोरडाच बाहेर आला. घरात दुसरं माणूस असतं तर त्यानं एवढंच विचारलं असतं, “तुला बी येतंय का गं ऐकू?” पण विचारायला कुणी नव्हतं आणि असलं काही शेजाऱ्याला जाऊन विचारणं त्याच्या जिवावर आलं. गळती धरणाऱ्या माणसानं लोकांना विचारायचं, पाणी वाजतंय का?

दुसऱ्या दिवशी सकाळी योजनेच्या नव्या इंजिनियर बाई जीपमधून आल्या. नाव पूर्वी. वय जेमतेम पंचवीस-सव्वीस, पायात बूट, डोक्याला स्कार्फ. त्यांनी एक काळी पेटी आणली होती. आत दोन लोहचुंबकी डबे आणि एक छोटा संगणक. माणसं भोवती गोळा झाली.

“एक डबा वरच्या व्हॉल्व्हला लावायचा, एक खालच्या,” पूर्वी सांगत होत्या. “गळतीचा आवाज पाइपातून दोन्हीकडं जातो. एकीकडं आधी पोचतो, एकीकडं मागून. तेवढ्या फरकावरून मशीन जागा सांगतं.”

“आन् गिरणीचा आवाज? डेरीची गाडी?” मुन्नानं विचारलं.

“तो गोंगाट असतोच. पण मशीन दोन्ही डब्यांतलं ऐकून ताडून बघतं. दोघांनाही एकच आवाज आला, तर तो पाइपातला धरायचा. एकालाच आला, तर सोडून द्यायचा.” मग त्या बिरदेवकडं वळल्या. “तात्या, आधी तुम्ही ऐका. तुमची फुली आणि मशीनची जागा जुळली तर माझी खात्री होईल. मीही नवीनच आहे.”

बाई मानानं बोलत होत्या. बिरदेवला ते कळलं.

तो सळई घेऊन उठला. रस्त्याच्या कडेला, वाळल्या गवतात, मागं उरलेला एक पाइप पडलेला होता. दहा-बारा फुटांचा तुकडा, दोन वर्षांपासून तसाच. काय वाटलं कुणास ठाऊक, बिरदेव त्याच्यापाशी थांबला. सळईचं टोक त्यानं त्या पाइपाला टेकवलं आणि गोळा कानामागं लावला.

पाणी चाललं होतं. बारीक, एकसारखं.

तो खाली बसला आणि पाइपाच्या तोंडातून आत बघितलं. आरपार उजेड होता. पलीकडच्या गोल तोंडात सरुबाईची शेळी उभी होती, तोंड हलवत.

त्यानं उठून शेजारच्या लिंबाच्या बुंध्याला सळई लावली. तेच. सळई खाली ठेवून नुसता उभा राहिला. तेच.

मागं सगळे थांबले होते. चुन्याचं डबडं घेऊन मुन्ना तयार होता. फुली कुठंही मारता आली असती. तिसरा खड्डा कोरडा निघाला असता तर जमिनीला, पाइपाला, मशीनला दोष देता आला असता. कुणी सळई कानाला लावून तपासायला येणार नव्हतं. बिरदेवनं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं.

“बाई, मी फुली मारत न्हाय,” तो म्हणाला. “मला आवाज येतोय, पर त्यो पान्याचा न्हाय. त्यो माज्या डोस्क्यात हाय. ह्या रिकाम्या पाइपात बी येतोय, झाडात बी येतोय. कालचं दोन खड्डं माज्यामुळं झालं.”

गर्दीतला एकजण फिसकन हसला. सरुबाई त्याच्यावर खेकसली, “दात काय काढतो रं? म्हाताऱ्यानं कबूल केलं की. तू केलं असतं?”

मानसिंग कुणाकडंच न बघता म्हणाला, “मग आता?”

पूर्वींनी संगणक उघडला. “तात्या, मशीनला दोन व्हॉल्व्हमधलं अंतर लागतं. पाइप सिमेंटचा की प्लास्टिकचा, कुठं बदलला, तेही लागतं. नकाशा आहे, पण त्यात ही सरुबाईंची गल्लीच नाही.”

“ते सांगतो की,” बिरदेव म्हणाला.

तो वरच्या व्हॉल्व्हपासून सांगत चालायला लागला. हितं पाइप वळतो, कोपर हाय. हितं तीन पाइप नवं, फुटलं तवा टाकल्यालं. हितनं पुन्यांदा सिमेंट. पूर्वी मागून टेप ओढत होत्या, लिहून घेत होत्या. डबे लावले तरी पडद्यावर नुसतं रेघांचं गवत उगवल्यासारखं दिसत राहिलं. बिरदेवनंच गिरणी थांबवायला लावली, डेरीची मोटार बंद करवली, गल्लीतले सगळे नळ बंद करून आला. गल्ली शांत झाली. पुन्हा लावल्यावर गवतातून एक सुळका वर आला.

“वरच्या व्हॉल्व्हपासून एकसष्ट मीटर,” पूर्वी म्हणाल्या.

एकसष्ट मीटरवर ओढ्याची मोरी होती. तिथं पाइप फुटला तर पाणी थेट वाळूत उतरणार, वर कशाला दिसतंय? मुन्नानं पंजा घातला आणि तिसऱ्याच घासाला माती काळी निघाली. मग चिखल. मग पाणी उसळलं तसा मानसिंग बुटांसकट त्यात उतरला. माणसं ओरडत होती. बिरदेव वरच्या व्हॉल्व्हकडं चालत गेला आणि त्यानं लाइन बंद केली.

जाताना पूर्वींनी जीप थांबवली. “तात्या, बारामतीत कानाचे डॉक्टर आहेत. नंबर लावून देते. नक्की जा.”

तो गेला. तिथं त्याला स्पंजाच्या भिंतींच्या एका छोट्या खोलीत बसवलं, कानांवर मोठी यंत्रं चढवली, हातात बटण दिलं. “आवाज आला की दाबा, काका,” बाहेरची मुलगी काचेपलीकडून म्हणाली आणि दार लागलं. इतकी शांत जागा बिरदेवनं जन्मात बघितली नव्हती. त्या शांततेत त्याचा आवाज नुसता भरून आला. त्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

दार उघडलं. “काका, मी अजून काही वाजवलंच नाही.”

“मला वाजलं,” बिरदेव म्हणाला. मग ओशाळून म्हणाला, “बरं. आता खात्री आसंल तवाच दाबतो.”

त्यानंतर त्यानं फार थोड्या वेळा दाबलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. “दहा वर्षं मोटारींजवळ काढलीत, त्यात बारीक आवाज ऐकणारा भाग झिजायला लागला, वयानं आणखी झिजला. आता ते आवाज येत नाहीत, पण डोकं त्यांना शोधत बसतं. रेडिओवर स्टेशन लागत नाही म्हणून आपण आवाज मोठा करत जातो आणि नुसती खरखर वाढते, तसं.”

“औषध?”

“गोळीनं जाणारं नाही. पुढच्या महिन्यात यंत्र लावून बघू. तोवर एक करा, शांत बसू नका. घरात आवाज असू द्या. पंखा, टीव्ही, माणसांचं बोलणं. घरी कोण कोण असतं?”

“हायत की समदी,” बिरदेव म्हणाला.

संध्याकाळच्या मोरगाव गाडीत त्याला अगदी मागची जागा मिळाली. गाडी जुनी होती. काचा खडखडत होत्या, मागच्या दाराचा पत्रा आपटत होता, पुढं कॉलेजच्या पोरी एकमेकींना ढकलून हसत होत्या. कुणाच्या तरी पिशवीत कोंबडी होती. बरंच अंतर गेल्यावर बिरदेवच्या ध्यानात आलं की तो आवाज नाही. त्यानं मान हलवून बघितली. खरंच नव्हता. थंडीपासून पहिल्यांदाच डोकं मोकळं झालं होतं.

त्याचा फाटा आला. टपावरचं ओझं उतरवायचं होतं म्हणून ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, पोरी उतरून गेल्या, आणि बिरदेव पिशवी घेऊन उठला तेवढ्यात ते सूं परत आलं. बारीक, एकसारखं. तो दांडा धरून उभा राहिला. फाट्यावरून घराकडं जाणारी पायवाट खिडकीतून दिसत होती. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, काचा खडखडल्या आणि ते पुन्हा बुडालं.

“तात्या, उतरायचं न्हाय का?” कंडक्टरनं विचारलं.

बिरदेव परत खाली बसला. “मोरगावचं एक द्या.”

“आत्ता? तिकडं काय काडलं?”

“काम हाय जरा.”

कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं आणि दोनदा घंटी मारली. पत्रा पुन्हा आपटायला लागला. बिरदेवनं पिशवी मांडीवर घेतली आणि डोकं खिडकीच्या थरथरत्या काचेला टेकवलं.