डुगडुगत्या पायाखालचा फॉर्म

मी खुर्ची बोलतेय. तुम्ही निवांत बसा, मी उभीच बरी. जन्मात कधी बसले नाही, आता या वयात बसायला शिकणं काही जमायचं नाही. लोक मला ओढतात, ढकलतात, माझ्या पाठीवर ओले टॉवेल टाकतात, वर चढून बल्ब बदलतात. पण ‘तुझं कसं काय चाललंय?’ असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

आम्ही चौघी बहिणी, एकाच सुताराच्या हातच्या. माझ्या वेळी बहुतेक त्याला भूक लागली असावी, कारण माझा मागचा डावा पाय नखभर आखूड राहिला. दुकानात लोक यायचे, बसून बघायचे, मी डुगडुगले की ‘ही नको बुवा’ म्हणून उठायचे. तिघी बहिणी एकाच घरी नांदायला गेल्या. मी राहिले. मग एक दिवस नुकतंच लग्न झालेली एक बाई आली, बसली, डुगडुगली आणि चक्क हसली. “पायाखाली कागदाची घडी घातली की झालं,” म्हणाली आणि मला घेऊन गेली. तीच आमची आई. माझी नव्हे हो, भिंगरीची. पण घरात सगळे तिला आईच म्हणतात, तर मी एकटीने वेगळं काय म्हणू?

आई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, कापडाचे गठ्ठे आणि उंच आरसा. मागे स्वयंपाकघर, तिथे मी. बाबा मालवाहू ट्रक चालवतात, दहा दिवस रस्त्यावर आणि तीन दिवस घरी. भिंगरी त्यांची एकुलती एक लेक. एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून भिंगरी.

ती दुसरीत असताना तिच्या पायाचं ऑपरेशन झालं. वर्षभर शाळा बंद. “एक वर्ष मी शिकवते, त्यात काय एवढं?” आई म्हणाली. त्या एका वर्षाची दहा कधी झाली ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. भिंगरी परत शाळेत जायला तयार नव्हती, आणि खरं सांगायचं तर आईलाही गोडी लागली होती.

आमचा वर्ग म्हणजे काय, आई माझ्यावर आणि भिंगरी समोर फरशीवर पाय पसरून. ऑपरेशनच्या पायाला तसं बसणं सोपं जायचं, पुढे तीच सवय झाली. अपूर्णांक ती कापडाच्या मापांवर शिकली आणि कोन झग्याच्या तिरप्या कापलेल्या कळ्यांवर. मधेच गिऱ्हाईक दार वाजवायचं. “एवढी शिलाई संपवते आणि आलेच,” म्हणून आई पुढे पळायची. मग भिंगरी वही मांडीवर घेऊन, माझ्या पायाला टेकून वाट बघायची. दिवसातून दहा वेळा. आमच्याकडे घंटा नव्हती. मशीन थांबलं की तास सुरू.

आता एक आतली गोष्ट सांगते. रोज सकाळी भिंगरी उठायच्या आधी आई एकटीच माझ्यावर येऊन बसायची. समोर त्या दिवसाचा धडा. आधी ती तो स्वतः शिकायची, मग लेकीला शिकवायची. कारण आई जेमतेम आठवीपर्यंत शिकलेली. तिच्या घरी अडचण आली, शाळा सुटली ती सुटलीच. हे बाबांना ठाऊक होतं आणि मला. भिंगरीला सांगायचं राहून गेलं, आणि बाहेर तर कुणाला पत्ताच नव्हता.

नववीचं बीजगणित आलं तेव्हा आईचे जे हाल झाले, ते मी माझ्या चारही पायांनी सोसलेत. एकाच गणितावर आठ दिवस अडली होती. पेन्सिल चावायची, खोडायची, माझ्यावर पुढेमागे झुलायची. नवव्या दिवशी उत्तर आलं तेव्हा “जमलं!” असं एवढ्या जोरात ओरडली की भिंगरी डोळे चोळत धावत आली.

“काय जमलं?”

“चहा,” आई म्हणाली.

गॅस पेटलेलासुद्धा नव्हता!

आमच्यासारखी घरी शिकवणारी आणखी पाच कुटुंबं होती. आठवड्यातून एकदा सगळी मुलं कुणाच्या तरी घरी जमायची. यंदा सहाही जणांनी बाहेरून बारावीची परीक्षा दिली आणि सहाही पास झाले. मग काय विचारता! सगळ्या आया एकदम म्हणाल्या, शाळेतल्या मुलांचा समारंभ होतो, आपल्या मुलांनी काय घोडं मारलंय?

या बेताच्या पुढारी होत्या यादीताई. त्यांना एक मुलगा आणि सतरा वह्या. किराणा, कपडे, कुणाला कधी शिंक आली, सगळ्याची यादी. पहिली बैठक आमच्या स्वयंपाकघरात झाली. मला वाटलं होतं तासाभरात आटपेल. कसलं काय! समारंभाला काय म्हणायचं यावरच निम्मा वेळ गेला. यादीताई म्हणाल्या, “दीक्षान्त समारंभ.” एका मुलीचे वडील, सुतारकाका (मला घडवणारे ते हे नव्हेत), म्हणाले, “ताई, एवढा जड शब्द त्या छोट्या हॉलच्या दारातून आत जाईल का?” पण तोच ठरला. मग प्रमाणपत्रावर मुख्याध्यापक म्हणून सही कुणाची? सहा घरं, सहा मुख्याध्यापक! कुणीच मागे हटेना. शेवटी ठरलं, ज्याने ज्याला शिकवलं त्याने त्याच्या प्रमाणपत्रावर सही करायची आणि ते आपल्या हाताने द्यायचं.

“आणि प्रत्येकाने आपल्या घरची खुर्ची आणायची,” सुतारकाका म्हणाले. “ज्या खुर्चीवर बसून शिकवलंत, तीच. भाड्याच्या खुर्च्यांना काय माहीत आपण काय काय केलंय ते?”

माझ्या अंगावरून मोरपीस फिरलं हो! एवढ्या वर्षांत मला कुणी समारंभाला नेलं नव्हतं.

तेवढ्यात यादीताईंनी फॉर्म वाटले. मुलाचं नाव, शिक्षकाचं नाव, कोणते विषय शिकवले आणि शिक्षकाचं शिक्षण. “माइकवरून वाचून दाखवायचंय, तेव्हा सगळं भरा.” माझ्यावर बसलेल्या आईचं अंग एकदम ताठ झालं. बाकी कुणाला ते दिसलं नाही, मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फॉर्म भरला. शिक्षणाच्या रकान्यात ‘आठवी’ लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग कागदाची चौपदरी घडी केली, वाकली, माझ्या आखूड पायाखालची जुनी घडी काढली आणि तिथे ही सरकवली. यादीताईंनी विचारलं तर म्हणाली, “कुठे ठेवलाय कोण जाणे, सापडतच नाही बघा. असू दे, मी काही खुर्चीत बसणार नाही. मुलांचे समारंभाचे काळे झगे मीच शिवतेय, तर त्या दिवशी बाजूच्या खोलीत सुई-दोरा घेऊन थांबते. कुणाचं तरी काहीतरी उसवणारच.” आणि मी? मी मुकाट्याने तो फॉर्म पायाखाली दाबून उभी राहिले. दुसरं करणार काय?

मग रंगीत तालीम झाली. मी घरीच होते, पण भिंगरीने आल्यावर सगळं सांगितलं. काय तो गोंधळ! या मुलांनी जन्मात रांग केलेली नाही. ‘एकामागून एक’ म्हटलं तर सहाही जण गप्पा मारत घोळक्याने चालले. मोठी माणसं त्याहून भारी. प्रत्येकजण शिक्षक, म्हणून प्रत्येकजण व्यासपीठावर. आया, बाबा, कविता पाठ करून घेणारी एक आजी, सगळे वर दाटीवाटीने उभे. यादीताईंनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, “आता सर्वांनी टाळ्या वाजवाव्यात.” समोर अख्खा हॉल रिकामा. खाली फक्त हॉलचा रखवालदार होता. त्याने झाडू काखेत धरला आणि बिचाऱ्याने एकट्याने टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांची यादी करायची राहून गेली होती, आणि तीही यादीताईंकडून! त्या लाजल्या, मग त्यांनाच हसू आवरेना. ठरलं असं की शिक्षकांच्या खुर्च्या खाली पहिल्या रांगेत ठेवायच्या, व्यासपीठ मुलांचं, आणि मागे बसायला ओळखीपाळखीच्या सगळ्यांना बोलवायचं. किराणावाले, वाचनालयातल्या बाई, पोस्टमन. “आणि ताई, तुमची सगळी गिऱ्हाइकं!” सुतारकाका आईला म्हणाले. आई कसनुसं हसली. ज्या बायांची मापं घेताना ती बरोबरीने गप्पा मारायची, फॉर्म सापडला तर त्यांच्यासमोर आता ती आठवी वाचली जाणार होती.

समारंभाच्या दिवशी बाबा मला उचलायला आले. मी उचलले गेले आणि घडी फरशीवर उघडी पडली. भिंगरीने ती उचलली आणि वाचली.

“आई, हे काय आहे?”

“ठेव ते.” आई झग्याला इस्त्री करत होती, तिने मागे वळूनही बघितलं नाही. “कळलं ना आता? मग झालं तर. आठवी शिकलेल्या बाईने बारावी शिकवली म्हटल्यावर लोक काय म्हणतील? तुझ्याच पास होण्यावर हसतील.”

“तू बीजगणित कधी शिकलीस मग?”

“तुझ्या आदल्या तासाला,” आई म्हणाली आणि तिने इस्त्री उभी करून ठेवली.

भिंगरी दोन मिनिटं तशीच उभी राहिली, एका जागी, आणि मी ते पहिल्यांदाच पाहिलं. मग तिने फॉर्म आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवला. “मी कुणाला दाखवणार नाही. तुझा आहे, तूच ठरव.”

हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत आम्ही सहाजणी. एक फिरती, एक वेताची, एक प्लास्टिकची, सुतारकाकांचं स्टूल (त्यालाही आम्ही आमच्यातलंच धरलं), एक झुलती आणि मी. पाचजणींवर माणसं, मी रिकामी. एकेक मूल खाली यायचं, त्याचा शिक्षक मांडीवरच्या पाटीवर सही करायचा, प्रमाणपत्र द्यायचा, टाळ्या. नुसती धमाल चालली होती. कविता शिकवणाऱ्या आजीने तर सहीच्या जागी दोन ओळी लिहून टाकल्या.

शेवटी भिंगरीची पाळी. यादीताई माइकवर अडखळल्या. “हिच्या शिक्षिका... आतल्या कामात आहेत. तर हिला प्रमाणपत्र मी...”

“नको मावशी,” भिंगरी म्हणाली. “मी थांबते.” ती खाली आली आणि काळा झगा सावरत, पाय पसरून, माझ्या पायाशी फरशीवर बसली. मग बाजूच्या खोलीच्या दाराकडे बघून मोठ्याने म्हणाली, “आई, सावकाश! शिलाई संपली की ये. आमच्याकडे तास असाच सुरू होतो.”

एक मिनिट गेलं, दोन गेली. मागे कुणीतरी खोकलं. माझ्या पायाला टेकलेली तिची पाठ थरथरत होती हे मला एकटीला कळत होतं. ये ग बाई, मी मनात म्हणत होते, ये ना.

दार उघडलं. आई आली. गळ्यात मापाची टेप तशीच होती आणि हातात तो फॉर्म, चार घड्यांच्या खुणा पडलेला. तिने यादीताईंकडून माइक घेतला.

“मी शिक्षिका,” ती म्हणाली. “माझं शिक्षण... आठवीपर्यंत. शाळेत.” मागच्या रांगांमध्ये कुजबुज झाली. आईने भिंगरीकडे बघितलं. “आणि नववी ते बारावी, हिच्यासोबत. हिच्यापेक्षा एक तास पुढे.”

एवढं बोलून ती माझ्यावर बसली. पायाखालची घडी तर तिच्याच हातात होती! मी अशी काही डुगडुगले की ती जवळजवळ पडलीच. भिंगरीने पटकन मला धरलं, आई खुदकन हसली आणि मग अख्खा हॉल हसला आणि उभा राहिला. सगळ्यात आधी उभी राहिली ती आईच्या गिऱ्हाइकांची रांग. बाबा ट्रकचा हॉर्न वाजवावा तशा शिट्ट्या मारत होते. आईने सही केली. तिने पूर्ण नाव लिहिलं.

सुतारकाकांनी त्याच संध्याकाळी माझ्या पायाला लाकडाचा तुकडा ठोकला. आता मी चारी पायांवर सरळ उभी आहे. सुरुवातीला जरा चुकल्यासारखं वाटायचं, पण होते सवय.

तो फॉर्म आता भिंतीवर आहे. त्याच्या शेजारी दुसरा आहे, बाहेरून परीक्षा देण्याचा, आईच्या नावाचा. सकाळी माझ्यावर भिंगरी बसते आणि आई समोर पाटावर. मधेच दार वाजतं, आई “आलेच” म्हणून पळते, आणि भिंगरी पुस्तक मांडीवर घेऊन वाट बघते. फक्त एकच सांगणं आहे तिला, बाई ग, मागे रेलून झुलू नकोस, माझं वय झालंय.

आणि तुम्हालाही एक विनंती आहे. तुमच्या घरात एखादी खुर्ची कागदाच्या घडीवर उभी असेल, तर एकदा वाकून तो कागद उघडून बघा. कुणीतरी तिथे स्वतःचं नाव लपवून ठेवलेलं असेल.