शेवटची दहा मिनिटे

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. आज माझे पाय जमिनीवर आहेत. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही, पण मी अकरा वर्षे पाय वर करून माळ्यावर पडून होते.

कागद ज्या खोक्यांतून येतो, त्यांच्या फळ्यांतून एका सुताराने मला घडवले. एक पाय किंचित आखूड राहिला. मला विकत घेणाऱ्या बाइंडरने त्याखाली पुठ्ठा चिकटवला, तेव्हा माझे डुगडुगणे थांबले. त्याच्या दुकानात दिवसभर खळीचा वास असे. तो माझ्यावर बसून वह्या शिवी आणि रेडिओवर फुटबॉलचा सामना ऐके.

एकदा त्याची थोरली बहीण डबा घेऊन आली आणि सहज माझ्यावर टेकली. त्याच वेळी त्याच्या लाडक्या संघाने गोल केला. झाले, त्या दिवसापासून नेम ठरला. सामना असला की ताईने माझ्यावर बसायचे आणि शेवटची शिटी होईपर्यंत उठायचे नाही.

"अरे, पायाला मुंग्या आल्यात," ती म्हणे.

"त्यांना सांग, आपण पुढे आहोत," तो म्हणे.

ती हसून बसून राही. मलाही माझा अभिमान वाटे.

मग अंतिम सामना आला. त्याच दुपारी परगावाहून निरोप आला की वडिलांचे दुखणे वाढले आहे आणि ते ताईची आठवण काढत आहेत. बाइंडर काम उरकून सकाळी निघणार होता. ताईची शेवटची बस सहाला होती. संघ एका गोलने पुढे होता. ताईने पिशवी मांडीवर घेतली.

"निघते रे मी."

"ताई, दहाच मिनिटं. तू उठलीस की बसलाच गोल."

ती बसून राहिली. संघाने त्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले. बसही गेली. पहाटे वडील गेले.

ताई पुन्हा दुकानात आली नाही. बाइंडरने माझ्या पायांत रद्दी कोंबली, सुतळीने मला आवळले आणि माळ्यावर उलटे टाकले.

तिथे छताचा पत्रा माझ्या पायांना जवळजवळ टेके. उन्हाळ्यात तो तापला की माझ्या फळ्या तडकत. हलायला जागा नव्हती. खालचे सामने मात्र सगळे ऐकू येत. गिऱ्हाईक विचारी, "सगळ्यात वाईट हार कुठली हो?" मग बाइंडर रंगून सांगे. गोलरक्षकाच्या हातून निसटलेला चेंडू, खांबाला लागून परत आलेली पेनल्टी, सगळे मिनिटासकट. अंतिम सामन्यापाशी आला की म्हणे, "तो शेवटच्या दहा मिनिटांत गेला," आणि सुईत दोरा ओवत बसे. लोकांना वाटे, गोलांचे दुःख आहे. खरे मला ठाऊक होते, पण उलट्या स्टुलाला कोण विचारतो?

परवा ताई आली. केस पांढरे, गुडघे दुखरे. वडिलांच्या वहीची पाने सुटी झाली होती, ती तिला शिवून हवी होती. रेडिओ चालूच होता.

"अजून हरताय का?" तिने विचारले.

"नेमाने," तो म्हणाला.

बाइंडर आता जमिनीवर बसूनच शिवी, त्यामुळे तिला बसायला दुकानात काही नव्हते. बाइंडर माळ्यावर चढला. त्याने मला खाली आणले, सुतळी कापली, बाहीने पुसले. ताई बसली. सामना संपत आला होता आणि संघ एका गोलने पुढे होता.

"ताई, ऊठ," तो म्हणाला. "पाय मोकळे कर."

"आणि गोल बसला तर?"

"बसू दे. तेव्हाच उठू द्यायला हवं होतं तुला."

ताई वहीच्या पानांवरून हात फिरवत राहिली. "तू मला बांधून ठेवलं नव्हतंस," ती म्हणाली. "मलाही जिंकायचं होतं रे. इतकी वर्षं सगळं तुझ्यावर ढकलत आले."

त्याने हात पुढे केला. तो धरून ती उठली, दारापर्यंत गेली. गोल बसलाच. दोघांनी ऐकला. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिले नाही.

मित्रांनो, कुणाच्या उठण्याने गोल होतो का, ते मला आजही ठाऊक नाही. पण आम्हा स्टुलांवर बसलेल्या माणसाने पिशवी मांडीवर घेतली, तर त्याला वाट द्या. आणि तुमच्या माळ्यावर कुणी उलटे पडले असेल, तर त्याला खाली काढा.

माझ्या आखूड पायाचा पुठ्ठा कसरीने खाल्ला आहे. मी पुन्हा डुगडुगते. बाइंडर नवा पुठ्ठा कापायला बसला, तर ताई म्हणाली, "राहू दे. असं हललं, की माणूस वेळेवर उठतो."