इतवारची रात

मुलाखत घ्यायला येणारी पोरं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. 'सेक्टर पस्तीस' या आमच्या गाण्याच्या पहिल्या व्हिडिओत तीन कडवी आहेत, मग रेकॉर्डवर दोनच कशी? निशांत त्यांना शेंडी लावतो, गाणं जरा आटोपशीर करायचं होतं वगैरे. मी गप्प बसते. त्या प्रश्नाचा मला रागच येतो, कारण खरं उत्तर द्यायचं तर माझी चूक सांगावी लागते.

आज सांगून टाकते.

आमचा बँड 'खाडीपूल'. निशांत गातो आणि गिटार वाजवतो, निखिल ड्रम वाजवतो आणि मी, गीतांजली, बेस गिटार. तिघंही खारघरचे, आणि तिघांच्याही सोसायट्यांनी आम्हाला लेखी नोटीस दिलेली. निखिलच्या सोसायटीच्या नोटिशीत तर 'ढोलकीवादन' असं लिहिलं होतं, ते त्याला जास्त लागलं. शेवटी तळोजे गावात अब्दुल्ला चाचांची बंद पडलेली भाताची गिरणी मिळाली. यंत्रं केव्हाच विकली गेली होती. राहिला होता तो कोंड्याचा वास आणि पोती तोलायचा मोठा वजनकाटा. चाचांच्या बायकोने, साबिरा चाचीने, एकच अट घातली. अजान झाली की थांबायचं, आणि थांबलात की घरात येऊन खायचं. तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं सुकं खात आम्ही दोन वर्षं काढली, आणि मला विचाराल तर आमचा बँड त्या भाकऱ्यांवर उभा राहिला.

त्यांची मुलगी आफरीन बी.कॉम.ची पुस्तकं घेऊन त्या वजनकाट्यावर बसायची. अभ्यास बाजूलाच राहायचा. आमची सगळी गाणी तिने पहिल्यांदा ऐकली आणि एकाचंही धड कौतुक केलं नाही. "निशांत, तू शेवटी एवढा का ओरडतोस? कोणी चावलं का?" हे तिचं परीक्षण. 'सेक्टर पस्तीस'चं तिसरं कडवं तर तिला मुळीच पटत नव्हतं. "लांब आहे रे. माणूस दोन कडव्यांत कळतो. तिसऱ्यात फक्त तू कळतोस." निशांत हट्टाला पेटायचा, आणि कडवं राहायचं.

मग तो हिवाळा आला. मेट्रो नुकती सुरू झाली होती, आणि का कोण जाणे, सगळ्या नवी मुंबईला एकदम आमची आठवण झाली. सहा आठवड्यांत एकवीस कार्यक्रम. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच. सानपाड्याला सोसायटीचं स्नेहसंमेलन, ओवे गावात हळद, कामोठ्याला टाइल्सच्या दुकानाचं उद्घाटन. रबाळ्याच्या एका कारखान्यात सुरक्षेचा कार्यक्रम होता, तिथे आम्हाला पिवळी हेल्मेटं घालून वाजवायला लावलं. निखिलचं हेल्मेट दर चौथ्या ठोक्याला डोळ्यांवर यायचं. एका दाताच्या डॉक्टरने दवाखान्याच्या पहिल्या दिवशी बोलावलं आणि म्हणाला, "जरा हळू, आत रूट कॅनाल चाललंय." हळदीला आमच्या रॉकवर कोणी ढुंकून बघेना. तेव्हा नवऱ्या मुलाच्या आत्याने माइक हिसकावून स्वतःच गायला घेतलं, आणि निखिलने तिला अशी साथ दिली की मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. आज आमच्यापुढे वीस वीस हजार माणसं असतात. पण टेम्पोच्या मागे स्पीकरवर बसून वडापाव खाताना जे हसलो तसं पुन्हा हसलेलो नाही. खोटं कशाला बोलू?

तारखा मी सांभाळायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन रंगांची पेनं आणि रोजच्या चौकोनात नाव, ठिकाण, वेळ. या दोघांवर सोडलं असतं तर एका दिवशी तिघांना होकार देऊन बसले असते. एकवीस कार्यक्रमांत एकही घोटाळा झाला नाही, याचा मला भारी गर्व. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझी आई त्या दिवसांत मला दोनदा तरी म्हणाली असेल.

आफरीनचं लग्न ठरलं तेव्हा चाची स्वतः गिरणीत आली. कधी नव्हे ते दारातच उभी राहून बोलली.

"इतवारच्या राती तुमी वाजवायचं. आफरीननं सांगून ठेवलंय, दुसरं कोनी नको. भुलायचं नाय."

"चाची, तुम्ही काय बोलता! ही तारीख कोणालाच देणार नाही."

पत्रिकेवर निकाह रविवारी दुपारी होता. म्हणजे निकाह दुपारी आणि रात्री आपलं वाजवणं. हिशेब सरळ होता. मी रविवारच्या चौकोनावर लाल पेनाने दोनदा गोल केला. त्या रविवारसाठी पुण्याचं एक कॉलेज मागे लागलं होतं, त्यांना मी चक्क नाही म्हणून टाकलं. आफरीनला लग्नाआधी पंधरा दिवस घराबाहेर पडायला बंदी होती, त्यामुळे ती गिरणीत येत नव्हती. काटा रिकामा. आम्ही तिच्यासाठी एक नवीन गाणंही बसवलं.

गुरुवारी चाचीने पुन्हा विचारलं, "इतवारची रात राखली हाय ना?"

"राखलीय चाची. लाल पेनाने."

शुक्रवारी वाशीहून फोन आला. मोठ्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी चार बँडचा कार्यक्रम होता, त्यातल्या एका गायकाचा घसा बसला होता. याल का? मी कॅलेंडर बघितलं. शनिवार कोरा. देवच पावला असं वाटलं मला.

ती शनिवारची संध्याकाळ तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओत बघितली आहे. हजारभर माणसं होती, आणि 'सेक्टर पस्तीस'च्या तिसऱ्या कडव्याला ती सगळी उभी राहिली. निशांतने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे, बघ, आता सांग आफरीनला. खाली उतरल्यावर फोन बघितला, तर आफरीनचे सहा मिस्ड कॉल, साडेसहा ते आठच्या मधले. मला वाटलं, उद्या कुठली गाणी वाजवायची ते विचारत असेल. लोक गराडा घालून उभे होते, कोणी फोटो मागत होतं. मी घाईत तिला लिहिलं, 'उद्या धमाल!!'

तिचं उत्तर आलं नाही. नवरी आहे, गडबडीत असेल, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या निकाहला आम्ही गेलो नाही. रात्रीची तालीम करत बसलो, खास तिच्यासाठी. सूर्य बुडून मगरिबची अजान होत असताना आमचा टेम्पो तळोज्यात शिरला. निखिलने नवा सदरा घातला होता. गिरणीपुढे मांडववाले बांबू सोडत होते आणि कापडाच्या घड्या घालत होते. दिव्यांच्या माळा उतरवून झाल्या होत्या.

चाची ओट्यावर बसून चादरी आवरत होती. आम्हाला बघून उठली नाही.

"आलात?"

"चाची, आज... इतवारची रात ना?"

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तिला आमचा संशय आला असावा, की ही शहाणी पोरं मुद्दाम टाळून आली आणि आता सोंग करतायत. पण माझं तोंड बघून तिला कळलं असणार. तिने कपाळावर हात मारला.

"या अल्ला. गे पोरी, इतवारची रात काल झाली. रात आधी येते, दिवस मागाहून. मगरिब झाली की आमची तारीख बदलते. शनवारचा सूर्य बुडाला की इतवारची रात लागली. मेंदी काल होती."

दोन वर्षं आम्ही त्या घरात जेवलो. जुम्याची रात, सोमवारची रात असं चाची नेहमी बोलायची आणि आम्ही मान डोलवायचो. ती रात नेमकी कुठली, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. एवढी तीन रंगांची पेनं घेऊन बसणारी मी.

"काल काय झालं, चाची?" निखिलने विचारलं.

"काय व्हायचं? बायकांनी टाळ्या वाजवून गाणी म्हटली. ती मेंदीचे हात घेऊन बसली होती. सनाला सांगून फोन लावत होती सारखा." सना म्हणजे आफरीनची धाकटी बहीण. "तुमच्यासाठी चाचांनी फळ्यांचं ते बांधलं होतं."

गिरणीत, काट्याच्या शेजारी, पोत्यांवर फळ्या ठोकून चाचांनी छोटासा मंच केला होता. वर पांढरी चादर. चादरीवर एक सुरकुती नव्हती. ते बघून निशांत बाहेर निघून गेला, आणि मी तिथेच रडायला लागले.

"माझ्यापुढं रडून काय होनार?" चाची म्हणाली. "तिला सांग." आणि तिने फोन लावून माझ्या हातात दिला.

आफरीन तेव्हा उरणजवळ मोऱ्याला, सासरी पोचली होती. मी रात आणि दिवस आणि लाल पेन, सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे मागे बायकांचा गलका.

"आफरीन, चुकलं माझं. फार चुकलं."

"हं." मग, "आता वाजवणार आहेस की नुसतं बोलणार?"

आम्ही त्या पांढऱ्या चादरीवर सामान मांडलं. फोन काट्यावर ठेवला, तिच्या जागेवर. ती बसायची तेव्हा काटा अठ्ठेचाळीसवर जायचा. फोन ठेवला तर हललासुद्धा नाही. समोर चाची आणि चाचा, बस. तिच्यासाठी बसवलेलं नवीन गाणं वाजवलं, मग 'सेक्टर पस्तीस', तिन्ही कडव्यांसकट. निशांतचा आवाज दोनदा फुटला. आदल्या संध्याकाळी हजार लोकांपुढे मी एकदाही चुकले नव्हते, ती तिथे चुकत होते.

गाणं संपलं. फोनमधून काहीच आवाज येईना. मला वाटलं, कट झाला असेल. ठेवला असेल तिने, आणि बरोबरच केलं असेल.

"गीतू," काट्यावरून आवाज आला, "तिसरं कडवं अजून लांबच आहे."

चाची पदरात तोंड घालून हसायला लागली. मी हसत होते की रडत होते, देव जाणे. निशांत तिथल्या तिथे म्हणाला, "काढलं. आत्ता काढलं, आफरीन." मग आम्ही गाणं दोन कडव्यांत पुन्हा वाजवलं, आणि ती म्हणाली, "हां, आता ठीक."

सोमवारी सकाळी तो वाशीचा व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला, आणि त्यानंतर आमच्या तारखा माझ्या हातात राहिल्या नाहीत. रेकॉर्डिंगच्या वेळी कंपनीचा माणूस हात जोडून सांगत होता, तिसरं कडवं ठेवा, त्यावर तर सगळे उठून उभे राहिले होते. आम्ही तिघांनी एकदम नाही म्हटलं. तो अजूनही आम्हाला वेडे समजतो. पण ते कडवं आफरीनला नको होतं.