बाईंच्या बाजूचा ब्रेक

टप्.

नवी गाडी दुकानाच्या दारातून पहिल्यांदा रस्त्यावर आली, तेव्हा हा आवाज माझ्या पाठीवर झाला. पुढे लाल दिवा लागला होता आणि बाईंनी पाय दाबला होता.

मी गालिचा बोलतोय, गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसतात त्यांच्या पायाखालचा. गाडी भारीतली, म्हणून माझी लोकरही जाड. ब्रेक मात्र माझ्या बाजूला नव्हता. बाईंच्या लेखी मात्र तो होता.

मालक हसले. "अगं, ब्रेक माझ्याकडे आहे. तुझ्याकडे नुसतं पायपुसणं."

"गालिचा म्हणा," बाई म्हणाल्या. तेव्हापासून त्या मला आपल्या वाटतात.

पायाखाली राहणाऱ्याला माणूस लवकर कळतो. पाहुणे चिखलाचे बूट माझ्यावर ठेवून म्हणतात, "गाडी काय स्वच्छ ठेवलीय!" बाई मात्र चपला एकमेकींवर आपटून मगच बसायच्या. मग ट्रक दिसला की टप्, कुत्रं दिसलं की टप्. त्यांच्या उजव्या पायाखाली माझी लोकर झिजली, टक्कल पडलं.

मालकांच्या ते मनाला लागायचं. एकदा चौकात ते चिडलेच. "एवढी वर्षं चालवतोय, कुणाला खरचटलं नाही. तुझा माझ्यावर भरवसाच नाही. मागे बस, तिथं काय दाबायचं ते दाब."

बाई खरंच मागे बसू लागल्या. माझ्यावर पिशव्या आल्या. गाडीत कुणी कुणाशी धड बोलेना.

मग डोंगर उतरून लेकीकडे जायचं ठरलं. पिशव्या ठेवून झाल्या आणि मालकांचा फोन वाजला. कंपनीनं अशा सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या. ब्रेकच्या एका भागात खोट निघाली होती. तो फुकट बदलून देणार, तोवर गाडी चालवू नका, न्यायला आम्हीच येतो.

"लेकीकडून आल्यावर बघू," मालक म्हणाले. "ही काय खटारा आहे?"

"अहो, भरवसा तुमच्यावर आहे. गाडीशी मी लग्न केलेलं नाही. आधी ब्रेक, मग लेक."

मालकांना हसू आवरेना. कंपनीच्या माणसांनी येऊन मला गाडीसकट उचलून गॅरेजात नेलं. मालक आणि बाई मागोमाग आले.

जुना भाग काढून मिस्त्री म्हणाले, "साहेब, हा जोरात दाबला की दगा देतो. तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

"नाही."

"मग तुम्ही आधीपासून, हळूहळू ब्रेक लावत असणार. असे लोक कमी."

मालक गाडीकडे वळले. माझ्या बाजूचं दार उघडून त्यांनी पिशव्या मागे ठेवल्या, आणि माझं टक्कल बघत उभे राहिले. इकडे टप् झालं की तिकडे त्यांचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. तोंड चिडायचं, पण पाय ऐकायचा. मला ते ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

"हा पार गेलाय. नवा टाकू?" मिस्त्रींनी विचारलं. माझा जीव टांगणीला लागला.

"राहू दे," मालक म्हणाले. "तो लागतो."

खोट वेळीच सांगणाऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेत, मिस्त्रींचेही. सगळ्यात जास्त त्या उजव्या पायाचे. तुमच्या शेजारीही कुणी असा पाय दाबत असेल. हसा हवं तर, पण मागे बसवू नका.

काम झालं. बाई सवयीनं मागच्या दाराकडे वळल्या. मालकांनी पुढचं दार उघडून धरलं. बाई थबकल्या, मग चपला आपटून बसल्या. पाय बरोबर माझ्या टकलावर आला.

मालकांनी दार हळूच लावलं आणि गाडीला वळसा घालून आपल्या बाजूला निघाले.