सनईखालचा आवाज

"आवाज कुठंय, गयासभाई?" मीनाक्षीने विचारलं.

दुकानातल्या टीव्हीवर तिचं लग्न चाललं होतं. अंतरपाटाशेजारी तिची आई हातात कागद धरून मंगलाष्टक म्हणत होती. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणली जात होती, आणि ऐकू येत होती ती सनई. दर चार मिनिटांनी संपायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

"तेव्हा सगळे हेच मागायचे, ताई," गयास म्हणाला. "भांड्यांचा आवाज, पोरांची रडारड, कुणी कुणाला शिव्या देतंय... ते काढून म्युझिक टाकायचं. पार्टी एकदम खूश."

"मी मागितलं होतं?"

तिने मागितलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं.

मीनाक्षीने डिस्क बाहेर काढली, पण पाकिटात घातली नाही. "आईला जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला. हातापायांत थोडी ताकद आलीय. वाचा गेलीये. डॉक्टर म्हणाले, तिच्या ओळखीचं काही ऐकवत राहा, तिचा स्वतःचाच जुना आवाज असेल तर फारच बरं. हे मंगलाष्टक तिनं स्वतः रचलेलं. कागद घर बदलताना हरवला. दुसरं काहीच नाही हो आमच्याकडं तिच्या आवाजाचं."

गयास काउंटरवरचं रिकामं पाकीट सरळ करत राहिला.

"कॅसेट तर आहे ना? तुम्हीच म्हणाला होतात, घरी ठेवू नका, बुरशी लागते, माझ्याकडं कोरड्यात राहील."

"म्हणालो होतो."

"मग?"

"शोधतो. परवापर्यंत बघतो."

हे म्हणतानाच कॅसेट कुठे आहे, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

पडेगावच्या रस्त्यावर 'लाइबा व्हिडिओ' ही पाटी बावीस वर्षांपासून होती. आजूबाजूला प्लॉट पडले, इमारती उठल्या, आता त्या इमारतींखाली टँकरची वाट पाहत ड्रम उभे असत. गयासने या भागातली बरीच लग्नं खांद्यावरच्या कॅमेऱ्याने टिपली होती. चार वर्षांपूर्वी, लोकांच्या घरातले व्हीसीआर बंद पडले तेव्हा त्याने एक जुना संगणक घेतला आणि इंटरनेटवरून फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून कॅसेटच्या डीव्हीडी करून द्यायला सुरुवात केली. इंग्रजी त्याला बेताचं येई. सॉफ्टवेअर तो रंगांवरून शिकला. एका तासाची कॅसेट आत घ्यायला बरोबर एक तास लागे. मग पडद्यावर दोन पट्ट्या दिसत, वरची चित्राची, खालची आवाजाची. खालची पुसायची आणि तिथे सनईची फाइल ओढून सोडायची. हिरवं बटण दाबलं की फाइल डीव्हीडीच्या साच्यात बदले, तांबडं दाबलं की डिस्क राइट होई. डिस्क बाहेर आली की ती हाताला कोमट लागे. मग जागा व्हावी म्हणून तो संगणकातली मूळ फाइल पुसून टाकी. पुसण्याआधी संगणक दर वेळी काहीतरी विचारायचा. पहिल्यांदा गयासने तो प्रश्न वाचला होता. पुढे 'येस' कुठे असतं तेवढंच लक्षात राहिलं.

डीव्हीडी करून झालेल्या कॅसेटी माळ्यावर साठल्या. गंगापूरकडचा धोंडिबा, ज्याच्या दोन्ही मुलींची लग्नं गयासने टिपली होती, एकदा माळ्याकडे बघून म्हणाला, "ह्या फिती दे की. बाजरीला पाखरं लई येत्यात." शेतात खुंट्यांवर कॅसेटची फीत ताणली की ती उन्हात चमकते, वाऱ्याने गुणगुणते आणि पाखरं फिरकत नाहीत. गयासने दोन पोती भरून दिली. त्यात कुणाकुणाचा विश्वास होता, हे त्या दिवशी त्याच्या मनात आलं नाही. सगळ्यांना डिस्क मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने उगाच माळा उपसला. तिथे काही नाही हे माहीत असून उपसला. तिसऱ्या दिवशी गंगापूरची जीप पकडली.

एप्रिलचं ऊन होतं. दुतर्फा वाळलेल्या उसाचे खुंट. जीपमध्ये त्याला ते लग्न आठवत राहिलं. त्याच्या कानांवर हेडफोन होता, म्हणून मांडवातल्या सगळ्यांपेक्षा त्यालाच तो आवाज जवळून ऐकू आला होता. जरासा घोगरा. तिसऱ्या कडव्याला बाई अडखळल्या, स्वतःशीच हसल्या, आणि पुन्हा वरचा सूर धरला. अडखळणं आठवत होतं, हसू आठवत होतं. शब्द एकही आठवेना.

"आता कशाला आलास?" धोंडिबा बांधावरून म्हणाला. "पाखरं बी गेली सोडून."

"फिती हायत का अजून?"

"हायत की. पेरलंच नाय दोन साल, तर कोन काढतंय?" तो पुढे होऊन दाखवू लागला. "किती लग्नं असतील रे ह्याच्यात?"

"शंभर तरी."

"बघ. एवढं वऱ्हाड उतरलंय माझ्या रानात, अन् पाजायला पानी नाय."

गयासला हसता आलं नाही. "वरचे डबे कुठंयत? नावाच्या चिठ्ठ्या होत्या त्यांच्यावर."

"नातींनी गाडी-गाडी खेळून मोडले कवाच. काय झालं? कुणाचं काय ऱ्हायलं का त्यात?"

"व्हय," गयास म्हणाला.

भेगाळलेल्या जमिनीवर खुंट्यांच्या रांगा होत्या आणि त्यांच्यामधून फीत बारीक घुमत होती. त्याने ती चिमटीत धरली. घुमणं थांबलं. बऱ्याच ठिकाणी तपकिरी थर उडून नुसतं पारदर्शक प्लास्टिक उरलं होतं. उरलेला थर त्याच्या घामेजल्या बोटांना लागला. ज्यात आवाज असतो तो हाच थर, हे त्याला कॅमेरा शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने फीत सोडली. ती पुन्हा घुमू लागली. हात धुवायला पाणी मागणं बरं दिसलं नसतं, त्याने बोटं पँटला पुसली.

परतीच्या जीपमध्ये त्याने वाक्य तयार केलं. बुरशी लागली होती, ताई. लई कोशिश केली.

मीनाक्षीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. तिची आई टीव्हीसमोर खुर्चीत बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. पडद्यावर तीच डिस्क चालू होती. सनई वाजत होती.

"या गयासभाई. आई, हे आले बघ." मीनाक्षीने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला त्याच्या हातात दिला. त्याच्या रिकाम्या दुसऱ्या हाताकडे तिने पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "बुरशी लागली असेल, नाही का? मला वाटलंच. जाऊ द्या. तुम्ही एवढं शोधलंत."

त्याचंच वाक्य तिने त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण म्हातारी त्याच्याकडे बघत होती. तिला सगळं समजत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

"बुरशी नाही, ताई. कॅसेट मी शेतात दिली. पाखरं हाकायला. तीन बरस झाली. आज बघून आलो, त्यात काही राहिलं नाही."

मीनाक्षीने आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"दुसरी कॉपी?"

"नव्हती."

"म्हणजे परवा तुम्हाला माहीत होतं," मीनाक्षी हळू म्हणाली. "मग 'शोधतो' का म्हणालात? दोन दिवस मी आईला सांगतेय, तुझा आवाज येणार म्हणून."

गयासने पेला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

म्हातारीने डाव्या हाताने मांडीवरचा रिमोट चाचपला. अंगठा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बटण सापडलं आणि सनई बंद झाली. पडद्यावर कागद धरलेली बाई आता कुठल्याही आवाजाशिवाय म्हणत होती. खुर्चीतले ओठ तिच्याबरोबर हलू लागले, एका बाजूने थोडे मागे पडत. तिसऱ्या कडव्याला पडद्यावरची बाई अडखळून हसली. खुर्चीतली हसली नाही. ती थांबली, वाट पाहिली आणि पुन्हा तिच्याबरोबर सुरू झाली.

गयासने पाणी न पिता पेला टेबलावर ठेवला. घासलेल्या स्टीलवर त्याची चार बोटं तपकिरी उमटली होती. त्याने रुमाल काढला आणि खाली बघत ती पुसू लागला.